विश्लेषण : नाणेसंग्रहाचा छंद नेमका लागतो कसा? पहिले नाणे कुठून येते आणि पहिली फसवणूक कुठे होते?

‘तुमच्याकडे हे पाच रुपयांचे नाणे आहे का? मग तुम्ही लखपती आहात’, असे सांगणाऱ्या चित्रफिती समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. त्या पाहून घरातले जुने डबे, पाकिटे आणि देव्हारे धुंडाळले जातात. अनेकांची नाण्यांशी पहिली ओळख आता अशीच होते आणि त्यातल्या काहींची ती फसवणुकीवर संपते. जुनी नाणी आणि नोटा यांच्या खरेदी-विक्रीच्या बनावट जाहिरातींपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेला ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदनाद्वारे द्यावा लागला होता. नाणेसंग्रहाचा छंद मात्र या चित्रफितींपेक्षा कितीतरी जुना आहे. तो लागतो कसा, टिकतो कशामुळे आणि नवख्या माणसाने सुरुवातीला काय टाळावे, याचा हा आढावा.

पहिले नाणे कुठून येते?

बहुतेक वेळा घरातूनच. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवले जाणारे चांदीचे ‘राणीछाप’ रुपये अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असतात. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड किंवा पाचवा जॉर्ज यांचा चेहरा असलेले हे कलदार रुपये वर्षातून एकदा बाहेर येतात, पुसले जातात आणि पुन्हा कापडात गुंडाळून कपाटात जातात. त्याशिवाय आजीच्या बटव्यात भोकाचा पैसा असतो, जुन्या डब्यात षटकोनी तीन पैसे, चौकोनी पाच पैसे, लाटदार कडेचे दहा पैसे असतात. घरातील एखादे मूल ‘हे काय आहे?’ असे विचारते आणि तिथून सुरुवात होते.

या प्रश्नाचे उत्तर देताना मोठ्यांना बराच हिशेब सांगावा लागतो. दशमान पद्धत येण्यापूर्वी एक रुपया म्हणजे १६ आणे, एक आणा म्हणजे चार पैसे आणि एक पैसा म्हणजे तीन पै. थोडक्यात, रुपयात ६४ पैसे किंवा १९२ पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. ‘सोळा आणे खरे’ आणि ‘पै-पै जमवणे’ हे शब्दप्रयोग आजही वापरले जातात, पण त्यामागची नाणी हातात घेतलेली नसतात. ती हातात आली की रोजच्या बोलण्यातल्या शब्दांना वजन येते.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा लोकांना ६४ पैशांची सवय होती. म्हणून नव्या नाण्याला ‘नया पैसा’ असे नाव दिले गेले आणि त्यावर ‘रुपये का सौवाँ भाग’ असा खुलासाही छापला गेला. १९६४ मध्ये ‘नया’ हा शब्द गळाला. भोकाच्या पैशाचीही अशीच गोष्ट आहे. १९४३ ते १९४७ या काळात पाडलेल्या या पैशाच्या मधोमध भोक ठेवण्यामागे युद्धकाळात धातू वाचवण्याचे कारण होते. एका छोट्या वस्तूत एवढी माहिती दडलेली असते, हे लक्षात येणे म्हणजे छंदाची पहिली पायरी.

नुसते साठवणे आणि संग्रह करणे यांत फरक काय?

डबाभर नाणी अनेकांकडे असतात, पण त्याला संग्रह म्हणत नाहीत. दोन सारख्या दिसणाऱ्या नाण्यांतला फरक कळू लागतो, तेव्हा संग्रहाला सुरुवात होते. भारतात हा फरक शिकवणारी सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे टाकसाळीची खूण. नाण्यावरील सालाच्या खाली पाहिल्यास ती दिसते. चौकटीच्या आकाराचा हिरा असेल तर नाणे मुंबईचे, पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे.

एवढी माहिती मिळाली की खिशातली चिल्लर वेगळी दिसू लागते. एकाच सालचे एक रुपयाचे नाणे चार टाकसाळींचे असू शकते. काही वर्षी तर परदेशी टाकसाळींचीही मदत घेतली गेली. १९८५ च्या काही एक रुपयाच्या नाण्यांवर सालाखाली इंग्रजी ‘एच’ हे अक्षर दिसते. ती बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीची खूण आहे. आता संग्राहकाच्या वहीत एका नाण्यासाठी एक नव्हे, तर चार-पाच कप्पे तयार होतात. त्यातला एक रिकामा राहिला की तो खुपू लागतो. किराणा दुकानात मिळालेली मोड खिशात टाकण्यापूर्वी उलटून पाहायची सवय लागते. हा रिकामा कप्पाच माणसाला छंदात अडकवतो.

सरकारे या छंदाला खतपाणी घालतात का?

हो, आणि जाणीवपूर्वक. याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेचे. तेथील टाकसाळीने १९९९ ते २००८ या दहा वर्षांत ५० राज्यांसाठी २५ सेंटची ५० वेगवेगळी नाणी काढली. दरवर्षी पाच, म्हणजे साधारण दर दहा आठवड्यांनी एक नवे नाणे. राज्ये ज्या क्रमाने संघराज्यात आली, त्याच क्रमाने नाणी आली. नाणे रोजच्या व्यवहारातले असल्याने ते जमवायला वेगळा खर्च नव्हता. पुढचे नाणे कधी येणार, हेही आधीच ठाऊक होते. अमेरिकी टाकसाळीच्या अंदाजानुसार सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांनी ही नाणी जमवली. छंद लावण्यासाठी दुर्मीळ वस्तू लागत नाही, सहज मिळणारी पण पूर्ण न झालेली मालिका पुरते, हे त्यातून दिसले.

भारतातही स्वतंत्र भारताचे पहिले स्मरणनाणे १९६४ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या निधनानंतर निघाले. १९६९ मध्ये महात्मा गांधी यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० पैशांपासून दहा रुपयांपर्यंतची नाणी आली. १९९० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावरील एक रुपयाचे, तर १९९९ मध्ये संत ज्ञानेश्वरांवरील एक रुपयाचे आणि छत्रपती शिवाजी महाराजांवरील दोन रुपयांचे नाणे चलनात आले. लोकमान्य टिळकांच्या प्रतिमेचे पाच रुपयांचे नाणे २००७ मधले. ही नाणी भाजीवाल्याकडून, एसटीच्या वाहकाकडून मोड म्हणून हातात आली आणि अनेकांनी ती खर्च न करता बाजूला ठेवली.

याच्या जोडीला केवळ संग्राहकांसाठी काढलेली नाणीही असतात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्तचे एक हजार रुपयांचे किंवा नव्या संसद भवनाच्या उद्घाटनावेळचे २०२३ मधील ७५ रुपयांचे नाणे बाजारात फिरत नाही. ते टाकसाळीकडून दर्शनी मूल्यापेक्षा जास्त किमतीला विकत घ्यावे लागते. हौस म्हणून ते घेण्यात गैर काही नाही. मात्र नवख्याने त्याकडे गुंतवणूक म्हणून पाहू नये. जे हजारो लोक पहिल्या दिवसापासून पेटीत जपून ठेवतात, ते सहसा दुर्मीळ होत नाही.

सुट्या पैशांचे व्यवहार यूपीआयमुळे कमी झाल्याने मोडीतून नाणे मिळण्याची ही वाट आता अरुंद होत आहे. २५ पैसे आणि त्याखालील नाणी तर ३० जून २०११ पासून चलनातूनच गेली. ५० पैशांचे नाणे कायद्याने आजही चालते, पण ते हातात पडणे विरळाच.

छंदातून अभ्यासाकडे वाट कशी जाते?

काही संग्राहक मालिका पूर्ण करून थांबतात. काहींना नाण्यावरचा मजकूर वाचावासा वाटतो आणि ते इतिहासाकडे वळतात. महाराष्ट्रात ही ओढ लावणारे नाणे म्हणजे शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे शिवाजी महाराजांनी पाडले. पुढे पेशवाईतही शिवराया पाडल्या गेल्या आणि त्या इंग्रजी अमलातही चालत राहिल्या. त्यामुळे शिवराईवरील अक्षरांची वळणे, ठिपके, चिन्हे यांत इतके प्रकार आढळतात की त्यांचे वर्गीकरण हा स्वतंत्र अभ्यास झाला आहे. सोन्याचा ‘शिवराई होन’ मात्र अत्यंत दुर्मीळ.

नाण्यांवरून इतिहास कसा उलगडतो, याचे उत्तम उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभीचे आहे. तेथे १९०६ मध्ये चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. सगळी नाणी क्षहरात वंशातील क्षत्रप नहपानाची होती. पण त्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा उमटवलेला होता. जिंकलेल्या राजाचे चलन वितळवत न बसता त्यावरच आपली मुद्रा मारून ते चालवले गेले. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात क्षहरातांच्या उच्छेदाचा जो उल्लेख आहे, त्याला या साठ्याने हातात धरता येईल असा पुरावा दिला. हा साठा सोनाराच्या मुशीत गेला असता किंवा सापडताच सुटा-सुटा विकला गेला असता, तर ठसा मारलेली आणि न मारलेली नाणी किती, हे प्रमाण कधीच कळले नसते.

ब्राह्मी लिपीचा उलगडा १८३७ मध्ये करणारा जेम्स प्रिन्सेप हादेखील मूळचा टाकसाळीतला माणूस. बनारस आणि कोलकाता येथील टाकसाळींत तो धातूची पारख करीत असे. जुनी नाणी हा त्याच्या अभ्यासाचा मोठा आधार होता.

जुने नाणे म्हणजे महाग नाणे का?

नाही. नवख्यांचा हा सर्वांत मोठा गैरसमज. नाण्याची किंमत तीन गोष्टींवर ठरते : किती शिल्लक आहेत, कोणत्या स्थितीत आहे आणि मागणी किती. वय त्यानंतर येते.

राणीच्या रुपयाचेच उदाहरण घ्या. १८६२ हे साल असलेला रुपया दीडशे वर्षांहून जुना, तरीही तो सहज मिळतो. कारण पुढची अनेक वर्षे टाकसाळीने साल न बदलता ‘१८६२’ हाच आकडा असलेले रुपये पाडले. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया त्यापेक्षा ७७ वर्षांनी लहान, पण फारच दुर्मीळ. साहजिकच त्याची किंमत जास्त आणि त्याच्या नकलाही जास्त. साध्या प्रकारच्या शिवराईचेही तसेच. ती मोठ्या संख्येने पाडली गेल्याने झिजलेली शिवराई सामान्य माणसाला परवडेल अशा भावात मिळते.

फसवणूक नेमकी कशी होते?

ठरावीक पद्धतीने. वैष्णोदेवीच्या चित्राचे २०१२ मधील पाच किंवा दहा रुपयांचे नाणे, विशिष्ट क्रमांकाची नोट अशा घरोघरी असू शकणाऱ्या वस्तूला लाखो रुपये मिळतील, अशी जाहिरात केली जाते. नाणे असलेली व्यक्ती संपर्क साधते. समोरचा ‘खरेदीदार’ घासाघीस न करता मोठी रक्कम मान्य करतो. मग नोंदणी शुल्क, कर, कमिशन, प्रमाणपत्राचा खर्च अशा नावांनी आधी थोडे पैसे मागितले जातात. ते भरले की आणखी एक शुल्क निघते. अनेकदा रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह असलेले कागद पाठवले जातात. रिझर्व्ह बँकेने आपल्या निवेदनात स्पष्ट केले आहे, की बँक अशा व्यवहारांत नसते, त्यासाठी शुल्क वा कमिशन मागत नाही आणि कोणत्याही संस्थेला वा व्यक्तीला तसा अधिकारही दिलेला नाही. थोडक्यात, विकणाऱ्याकडेच पैसे मागणारा खरेदीदार हा खरेदीदार नसतो.

दुसरा प्रकार ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ अशी इंग्रजी अक्षरे आणि राम-सीता-लक्ष्मण-हनुमान यांचे चित्र असलेल्या ‘नाण्यां’चा. कंपनीने असे चलन कधीही काढलेले नाही. या नंतरच्या काळात बनवलेल्या मुद्रा आहेत. श्रद्धेने देव्हाऱ्यात ठेवण्यास हरकत नाही, पण दुर्मीळ नाणे म्हणून पैसे मोजणे म्हणजे नुकसान.

तिसरा प्रकार तांदूळ खेचणाऱ्या ‘चमत्कारी’ नाण्याचा. तांब्याच्या नाण्यात ‘इरिडियम’ असून अवकाश संशोधन संस्था त्यासाठी कोट्यवधी देतात, असे सांगितले जाते. तांब्याचे नाणे तांदूळ खेचू शकत नाही. नाण्यात चुंबक दडवायचे आणि तांदळाला लोखंडाचा कीस लावायचा, एवढीच ही करामत. देशभरात अशा टोळ्यांवर गुन्हे दाखल झाले आहेत.

चांदीचा रुपया घरी तपासता येतो का?

प्राथमिक तपासणी नक्कीच करता येते. १८६२ ते १९३९ या सालांच्या ब्रिटिशकालीन रुपयाचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. चांदी चुंबकाला चिकटत नाही. चिकटला तर तो रुपया नकली. मात्र १९४७ चा रुपया निकेलचा असल्याने अस्सल असूनही चिकटतो, हे लक्षात ठेवावे.

दुसरी चाचणी घनतेची. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, पाण्याचा पेला आणि दोरा एवढेच साहित्य लागते. आधी नाण्याचे वजन करावे. मग पाण्याने अर्धा भरलेला पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा. दोऱ्याला बांधलेले नाणे पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला वा काठाला टेकणार नाही, असे धरावे. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागावे. अस्सल रुपयासाठी पाण्याचा आकडा १.१३ ग्रॅमच्या आसपास येतो आणि भागाकार सुमारे १०.३. तांबे किंवा तांबे-निकेलचे नाणे असेल तर भागाकार ८.९ च्या जवळ येतो. नाणे झिजून वजन कमी झाले असले, तरी भागाकार बदलत नाही, ही या चाचणीची खुबी. अर्थात, हलक्या धातूची नक्कल त्यात पकडली जाते. खऱ्या चांदीत पाडलेली नक्कल ओळखायला जाणकाराची नजरच लागते.

नाणे घासून लख्ख का करू नये?

नाणे मिळताच चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावण्याचा मोह अनेकांना होतो. दिवाळीत चांदीचे रुपये घासण्याची तर पद्धतच आहे. पण शतकभरात धातूवर चढलेला काळसर वा हिरवट थर हे नाण्याचे संरक्षण असते आणि अस्सलपणाची खूणही. घासताना त्या थराबरोबर अक्षरांच्या कडाही जातात आणि पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात. ही हानी भरून येत नाही. घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतात, ते याचसाठी. माती असेल तर शुद्ध पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपून घ्यावे, रगडू नये. नाणे कडेने धरावे, कारण बोटांच्या घामाचे डाग कायमचे राहतात. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने रसायने सुटून नाण्यावर हिरवा चिकट थर येतो, म्हणून ती टाळावीत. कोकणासारख्या दमट भागात पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवणे उपयोगी.

कायदा काय सांगतो?

नाणी जमवण्यावर बंदी नाही, पण काही मर्यादा आहेत. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षांहून जुने नाणे हा ‘पुरावशेष’ ठरतो. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही आणि त्याचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो. परदेशातील नातेवाईकाला भेट म्हणून राणीछाप रुपया देणाऱ्यांना हे सहसा माहीत नसते. शेतात, पाया खणताना किंवा जुन्या वाड्यात नाण्यांचा साठा सापडला, तर १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. चलनातील नाणी वितळवणे २०११ च्या नाणे कायद्यानुसार गुन्हा आहे.

सुरुवात कुठून करावी?

जाणकारांचा सर्वसाधारण सल्ला असा, की आधी विषय निवडावा, मग नाणी. एका रुपयाचे प्रत्येक साल, चारही टाकसाळी, स्मरणनाणी, आणे-पैशांची जुनी मालिका किंवा शिवराईचे प्रकार, यापैकी एक काहीतरी. विकत घेण्याआधी पाहण्यावर वेळ घालवावा. मुंबईतील फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे, तर नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. १९१० मध्ये स्थापन झालेली न्युमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया ही या विषयातील जुनी संस्था वाराणसीत आहे. खरेदी करायचीच तर पावती देणाऱ्या परवानाधारक विक्रेत्याकडून करावी.

आणि एक वही ठेवावी. प्रत्येक नाण्यापुढे साल, टाकसाळ, वजन, ते कधी आणि कोणाकडून मिळाले, याची नोंद करावी. बाजारभाव वर-खाली होत राहतो. पण ‘आजोबांच्या पहिल्या पगारातला रुपया’ ही माहिती कोणत्याही सूचीत सापडत नाही. ती सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच ती लिहून घेता येते.